गोळीचं आडनाव

प्रश्न : आदरणीय डॉक्टरबाई, स.न.वि.वि. मी ५४ वर्षांचा आहे, शाळेत भूगोल शिकवतो. काही महिन्यांपूर्वी बीपी १५६/९८ निघालं म्हणून डॉक्टरांनी रामिप्रिल ५ मिलिग्रॅम, रोज एक, सुरू केली. बीपी छान उतरलं. पण महिनाभरात खोकला लागला. कफ नाही, ताप नाही. घशात कुणीतरी पीस फिरवल्यासारखी खवखव होते आणि मग अशी ढास लागते की डोळ्यांतून पाणी येतं. वर्गात एक वाक्य धड पुरं होत नाही. मागच्या बाकावरची पोरं आता माझ्या खोकल्याची नक्कल करतात, आणि चांगली करतात. रात्री तर फारच, त्यामुळे बायको दुसऱ्या खोलीत झोपते. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या संपल्या. शेवटी एक सहकारी म्हणाला, “हा तुझ्या बीपीच्या गोळीचा खोकला आहे, माझ्या भावाला झाला होता.” त्याच दिवशी मी गोळी बंद केली. १८ दिवसांत खोकला गेला! पण घरच्या मशीनवर बीपी आता १६८/१०२ दाखवतंय. सोमवारी डॉक्टरांकडे जायचं आहे. परस्पर गोळी बंद केली हे सांगितलं तर ते रागावतील. “गोळी चालू आहे, पण मानवत नाही, बदलून द्या” एवढंच सांगितलं तर चालेल का?

उत्तर : नाही सर, चालणार नाही. हा अंक हातात पडेपर्यंत तुमचा सोमवार उलटून गेलेला असेल, म्हणून पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला हेच उत्तर वेगळं पाठवलं आहे. इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी, कारण या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्या पत्रांत हाच कबुलीजबाब आहे: “गोळी बंद केली, डॉक्टरांना सांगितलं नाही.”

तुम्ही “गोळी चालू आहे” म्हणालात तर काय होईल बघा. डॉक्टर पट्टा बांधतील, १६८/१०२ येईल. समोरच्या कागदावर रामिप्रिल ५ लिहिलेलं. म्हणजे गोळी पुरत नाही, असाच अर्थ ते काढणार. काढायलाच हवा. मग डोस १० करतील किंवा जोडीला दुसरी गोळी देतील. घरी जाऊन तुम्ही घाबरून दोन्ही मनापासून घ्यायला लागलात, तर जे शरीर गेले काही आठवडे एकाही गोळीविना होतं त्याच्यावर एकदम दोन-दोन गोळ्यांचा मारा.

माझ्या एका पेशंट बाई दर भेटीला “घेते ना” म्हणायच्या. बीपी उतरेना, म्हणून कागदावर एकाच्या दोन, दोनाच्या तीन गोळ्या झाल्या. पोटात एकही जात नव्हती. पुढे त्या भलत्याच कारणासाठी रुग्णालयात दाखल झाल्या. तिथल्या नर्सनं कागद बघून तिन्ही गोळ्या सकाळी हातावर ठेवल्या आणि समोर उभं राहून गिळायला लावल्या. तिसऱ्या दिवशी बाई बाथरूमच्या दारात डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडल्या. मनगट मोडलं. प्लॅस्टर घातलेला हात मांडीवर ठेवून त्यांनी मला सगळं सांगितलं. तीन गोळ्या लिहिणारी मीच होते.

आता रागावण्याचं. रागावतील, दोन मिनिटं. रागावू द्या. त्यांना तुमच्याकडून चार तारखा हव्या आहेत: गोळी कधी सुरू झाली, खोकला कधी लागला, गोळी कधी थांबवली, खोकला कधी गेला. एका चिठ्ठीवर लिहून न्या. या चार तारखांइतकं पक्कं निदान ना एक्स-रे देतो ना रक्ताचा कुठला रिपोर्ट.

तुमचा सहकारी बरोबर बोलला, हेही कबूल करायला हवं. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल. या गोळ्यांची नावं वेगळी, पण आडनाव एकच: प्रिल. आणि या घराण्याचा खोकला प्रसिद्ध आहे. आकडे वेगवेगळे सांगितले जातात, पण दहात एकाच्या आसपास माणसांना तो होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त.

तो त्या बायकांपैकी एकीला झाला होता. म्हणजे मला.

मी ५१ वर्षांची असताना माझं बीपी वाढलं, आणि माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीनं मला रामिप्रिलच दिली. तिसऱ्या आठवड्यात खोकला सुरू झाला. मी आधी दवाखान्यातल्या एसीला दोष दिला, तो बंद करून सगळ्यांना घामाघूम केलं. मग वाटलं अॅसिडिटी असेल, पित्त घशाशी येत असेल. महिनाभर त्याची गोळी घेतली, उशी उंच केली. मग एक्स-रे. माझाही स्वच्छ. पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप लावून “मोठा श्वास घ्या” म्हणायचं आणि आपणच खोकत सुटायचं, असे चार महिने काढले. पेशंट मला पाणी द्यायचे. या चार महिन्यांत मी स्वतः निदान दोन पेशंटांचा असाच खोकला ओळखून गोळी बदलून दिली होती! शेवटी आमच्या नर्सबाई फाइल लावता लावता म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही खोकणाऱ्या प्रत्येकाला विचारता, नवीन गोळी कोणती सुरू झाली? तुम्हाला कुणी विचारलं का?”

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला फोन केला. तिनं गोळी बदलली. खोकला जायला मात्र पाच आठवडे लागले. तुमचा १८ दिवसांत गेला, नशीबवान आहात. साधारणपणे एक ते चार आठवड्यांत जातो, क्वचित तीन महिनेही रेंगाळतो. त्यामुळे गोळी बदलून आठवडा झाला तरी खोकला आहे, म्हणजे कारण दुसरंच असणार, असं कुणी ठरवून टाकू नये.

हा खोकला येतो कुठून ही हकीकत भूगोलाच्या सरांना आवडावी, कारण ती ब्राझीलमध्ये सुरू होते. तिथे जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावला की माणसाचं बीपी धाडकन उतरतं. सर्जिओ फेरेरा या ब्राझिलियन शास्त्रज्ञाला १९६५ मध्ये त्या विषात असा एक घटक सापडला, जो शरीरातल्या ब्रॅडिकायनिन नावाच्या पदार्थाचा जोर वाढवतो. ब्रॅडिकायनिन रक्तवाहिन्या सैल करतं. ते काम झालं की शरीरातलं एक एन्झाइम त्याला तोडून टाकतं. तेच एन्झाइम दुसऱ्या हातानं आणखी एक काम करत असतं: रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन तयार करणं. म्हणजे ते एन्झाइम रोखलं की आवळणारा पदार्थ कमी होतो आणि सैल करणारा टिकून राहतो. दोन्हीकडून बीपी उतरतं. डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेट्टी यांनी याच धाग्यावरून प्रयोगशाळेत कॅप्टोप्रिल घडवलं, आणि १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. तुमच्या गोळीत सापाचं विष नाही, घाबरू नका. कल्पना तेवढी सापाची.

पण न तुटलेलं ते ब्रॅडिकायनिन जातं कुठे? काही जणांच्या श्वासनलिकेत साठतं आणि तिथल्या खोकल्याच्या नसांना गुदगुल्या करतं. तुम्ही लिहिलेलं ते पीस म्हणजे हेच. ज्या गुणामुळे औषध सापडलं, त्याच गुणाचा हा खोकला. म्हणूनच गोळी अर्धी करून तो जात नाही, कारण तो डोसवर फारसा अवलंबून नसतो. एका प्रिलऐवजी दुसरी प्रिल घेतली तरी बहुतेक वेळा तो पाठ सोडत नाही. आणि खोकल्याच्या बाटल्यांनी त्याला काही होत नाही. बाटल्यांबद्दल एक वेगळी तक्रार आहे माझी. सर्दी-खोकल्याच्या कित्येक औषधांत चोंदलेलं नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं, आणि ते बीपी वाढवतं. तुमच्या तीन बाटल्यांच्या लेबलांवर ही नावं आहेत का ते बघा. दुखण्यावरच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्याही बीपी चढवतात आणि या औषधांबरोबर रोज घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण आणतात.

प्रिल मानवत नाही त्यांच्यासाठी सार्टन आडनावाची मंडळी आहेत: लोसार्टन, टेल्मिसार्टन, वगैरे. ही त्या एन्झाइमला हातच लावत नाहीत. अँजिओटेन्सिन जिथे जाऊन कामाला लागतं, ते कुलूपच ती अडवून बसतात. ब्रॅडिकायनिन आपल्या वेळेला तुटत राहतं, त्यामुळे तो खोकला नाही. मी गेली नऊ वर्षं टेल्मिसार्टन ४० घेते. तुमच्यासाठी तीच योग्य की दुसरी, हे तुमचं रक्त तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं. नवी गोळी सुरू झाली की एक-दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासायला सांगतील, ते टाळू नका. या गोळ्या पोटॅशियम थोडं वाढवतात. म्हणून “कमी सोडियमचं” मीठ आणत असाल तर त्याच्या पाकिटावर पोटॅशियम क्लोराइड लिहिलंय का ते आधी वाचा. लिहिलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

नऊ वर्षांत टेल्मिसार्टननं मला एकदाच दगा दिला, आणि चूक माझी होती. जुलाब-उलट्यांनी दोन दिवस आडवी होते. पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं, पण गोळी मात्र शिस्तीत घेत होते. तिसऱ्या दिवशी पलंगावरून उठले ती तशीच परत बसले, भिंत कलंडल्यासारखी वाटली. बीपी ८८/५४. अंगातलं पाणी आटलेलं असताना प्रिल, सार्टन किंवा लघवीची गोळी चालू ठेवायची की चार दिवस थांबवायची, हे त्याच दिवशी फोन करून विचारायचं असतं. हे मी पेशंटना सांगत आले होते.

स्वतःहून, कुणालाही न विचारता, लगेच बंद करावी असे प्रसंग थोडे. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजायला लागला तर प्रिलची पुढची गोळी घ्यायची नाही आणि तडक रुग्णालय गाठायचं. हीसुद्धा ब्रॅडिकायनिनचीच करणी, पण विरळ आणि जिवावर बेतणारी. गोळी सुरू करून कित्येक महिने झाल्यावरही ती होऊ शकते. ज्याला एकदा झाली त्यानं प्रिल आयुष्यात पुन्हा घ्यायची नाही, आणि तसं कागदावर ठळक लिहून ठेवायचं. दुसरं, दिवस राहिल्याचं कळलं तर प्रिल आणि सार्टन दोन्ही बाळाला घातक, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

तुमच्या १६८/१०२ बद्दल. एवढ्यावरून रात्रीची झोप घालवू नका, पण सोमवारपर्यंत गप्पही बसू नका. उद्या सकाळी फोन करून खरं ते सांगा. आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि त्याबरोबर छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं यातलं काहीही झालं, तर मात्र फोन वगैरे नाही, थेट तातडीचा विभाग. आणि मोजता कसं तेही कळवलं असतंत तर बरं झालं असतं. माझा अंदाज असा, की तुम्ही शाळेतून येता, पिशवी ठेवता, पट्टा बांधता आणि आकडा बघून चिडता. चिडून परत मोजता. असं नको. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नाहीत. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. पट्टा शर्टाच्या बाहीवरून नाही. मोजताना बोलायचं नाही, बायकोला उत्तरही द्यायचं नाही. मिनिटभरानं पुन्हा मोजा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ असे आकडे लिहा आणि सोमवारी त्या चार तारखांच्या खाली जोडा. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या वर सरासरी गेली तर ते जास्त समजतात. दवाखान्यातली रेघ १४०/९० ची.

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ६१. अॅम्लोडिपिन ५ वर बरी होते. दोन महिन्यांपूर्वी १० केली, तेव्हापासून संध्याकाळी घोटे सुजतात, मोज्याचा वळ उमटतो. ओळखीच्या एकीनं “किडनी गेली असणार” म्हणून सांगितलं, तेव्हापासून झोप उडाली आहे. तिनंच तिची लघवीची गोळी घ्यायला दिली. चार दिवस घेतली, रात्री तीन-तीनदा उठावं लागलं, सूज होती तशीच. काय करू?

उत्तर : ताई, आधी ती उसनी गोळी परत करा.

आता अंगठ्यानं घोट्याच्या वर दहा सेकंद दाबा. खड्डा पडला? सकाळी उठल्यावर सूज बरीच कमी असते? दोन्ही पायांना सारखी आहे? तिन्ही उत्तरं “हो” असतील तर पहिला संशय गोळीवर, किडनीवर नाही. अॅम्लोडिपिनची ही जुनी खोड आहे. ५ वर कमी, १० वर बरीच जास्त, आणि पुन्हा बायकांना अधिक. ही गोळी रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या सैल करते, पण रक्त परत नेणाऱ्या शिरा होत्या तशाच राहतात. नळ पूर्ण सोडला आणि मोरीचं तोंड मात्र तेवढंच, तर पाणी तुंबणार. तसं ते पायात तुंबतं आणि बाजूला पाझरतं. शरीरात पाणी जास्त झालेलं नाही, ते चुकीच्या ठिकाणी आहे. त्यामुळे लघवीच्या गोळीनं तुमची झोप गेली आणि सूज राहिली, यात नवल नाही.

उपाय दोन. पुन्हा ५ वर येणं, किंवा ५ च्या जोडीला वरच्या पत्रातली प्रिल किंवा सार्टन. त्या दोन्ही शिराही सैल करतात, म्हणजे मोरीचं तोंड मोठं होतं, आणि बीपीही आवरतं. डॉक्टरांना विचारताना “सूज येते” एवढंच न सांगता “५ वर नव्हती, १० वर आली” असं सांगा. त्या निमित्तानं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन एकदा तपासून घ्या, म्हणजे किडनीचा विषय कायमचा मिटेल. एकाच पायाला सूज, पोटरी दुखते आणि गरम लागते, किंवा आडवं झाल्यावर धाप लागते, असं असेल तर ही उत्तरं बाजूला ठेवा आणि आजच दाखवा.

आरशात हिरड्याही बघा. ही गोळी क्वचित हिरड्या फुगवते, आणि लोक दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन बीपीच्या गोळीचं नावच काढत नाहीत.

प्रश्न : बीपीची गोळी एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्याव्यात का? आणि रात्री घेतलेली जास्त चांगली असं खरंच आहे का? सध्या अॅम्लोडिपिन ५, सकाळी.

उत्तर : दोन कधीच नाही. त्याच दिवशी आठवली तर तेव्हा घ्या. दुसऱ्याच दिवशी आठवली तर चुकलेली सोडून द्या आणि नेहमीची एक घ्या. अॅम्लोडिपिन शरीरात निम्मी व्हायलाच ३० ते ५० तास लागतात, तेव्हा एका दिवसानं आभाळ कोसळत नाही. सगळ्याच गोळ्या इतक्या सोशिक नसतात, हेही लक्षात ठेवा. अॅटिनोलॉल, मेटोप्रोलॉल अशा लॉल आडनावाच्या गोळ्या आणि क्लोनिडिन अचानक सोडली तर बीपी आणि नाडी उसळी मारतात. त्या संपायच्या आत आणून ठेवायच्या आणि थांबवायच्याच असतील तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू.

रात्रीचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये २१ हजारांवर माणसांची सकाळ आणि संध्याकाळ अशी विभागणी करून पाहिली. ‘टाइम’ नावाचा अभ्यास, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ ला आला. हार्ट अटॅक, स्ट्रोक, मृत्यू, कशातच फरक पडला नाही. जी वेळ आठवते ती तुमची वेळ. मी सात कप्प्यांची डबी वापरते, टूथब्रशशेजारी ठेवते. गेल्या आठवड्यात शुक्रवारी तिचं झाकण उघडलं तर बुधवारचा कप्पा भरलेला. ती गोळी तशीच राहू दिली, पुढच्या बुधवारची सोय झाली.